काश्काचे मालक

आशिरकुलच्या मालकीचा एक शर्यतीचा घोडा होता, आणि तो घोडा पाच वर्षांत एकदाही आशिरकुलच्या दारात आला नव्हता. घोड्याबद्दल सगळ्या गावाला ठाऊक होतं. घोडा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र एकच, तो म्हणजे स्वतः आशिरकुल, आणि त्यानेही तो जेमतेम फोटो काढण्यापुरता पाहिला होता.

तो फोटो बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या गालिच्याच्या बरोबर मधोमध टांगलेला होता. त्यात आशिरकुल वेलबुट्टीचा झगा पांघरून आणि उंच पांढरी टोपी घालून एका तांबड्या घोड्यावर बसला होता. घोड्याच्या कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. असल्या घोड्याला आमच्याकडे काश्का म्हणतात. आशिरकुल तेव्हा कालव्यांचा साहेब होता. सरोवराकाठच्या कोक-जार गावातल्या जुन्या रेसकोर्सचं गवत एका उन्हाळ्यात करपायला लागलं, तेव्हा त्याने एका सहीने पाणी तिकडे वळवलं. रेसकोर्सच्या संचालकाने रीतीप्रमाणे त्याला झगा पांघरला आणि घोड्यावर बसवलं. मोठ्या पाहुण्याला घोडा द्यायचा, ही आमची रीत. पाहुण्याने "राहू दे की इथेच, तुमच्याकडे जास्त सुखात राहील" असं म्हणायचं, हीसुद्धा आमचीच रीत. झगा पाहुण्याच्या घरी जातो, घोडा तबेल्यात परत जातो, आणि दोन्हीकडची अब्रू झाकलेली राहते.

आशिरकुलचं चुकलं एवढंच, की त्याने ते देणं खरं मानलं. निवृत्त झाल्यावर शिक्का गेला, सरकारी गाडी गेली, वाकून सलाम करणारे तर शिक्क्याच्याही आधी गेले. घोडा तेवढा उरला, कारण जे हातात कधी आलंच नव्हतं ते काढून कोण घेणार? मग आशिरकुल घोड्याबद्दल बोलायला लागला. घोड्याला ओट किती लागतात, तो कुणाचं ऐकतो, कुणाचं ऐकत नाही, सगळं. बायको बुरुलकान चहा ओतता ओतता ऐकायची आणि कप जरा जोरात ठेवायची.

इथवर सगळं ठीक होतं. पण दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं आणि तुर्सुनाली व्याही झाला. आमच्यात व्याह्याला सगळ्यात मानाच्या जागी बसवायचं आणि तिथे बसवून त्याची मनसोक्त टर उडवायची. यातलं एक जरी राहिलं तरी सोयरीक कच्ची समजतात. तुर्सुनालीच्या पिठाच्या दोन गिरण्या होत्या आणि जीभ तिसऱ्या गिरणीसारखी चालायची. प्रत्येक सणाला सगळ्यांसमोर तो विचारायचा, "काय व्याही, घोडं काय म्हणतंय? सासुरवाशीण झालंय का? माहेरी येतच नाही ते." मंडळी हसायची. सून मान खाली घालून हसायची. आशिरकुल म्हणायचा, "शर्यतीचा घोडा आहे व्याही, गिरणीचं गाढव नव्हे." पण रात्री त्याला झोप लागायची नाही.

त्या उन्हाळ्यात तुर्सुनालीच्या गाडीतून तो, आशिरकुल आणि बुरुलकान असे तिघं सरोवराकाठच्या आरोग्यधामात निघाले होते. आशिरकुलचे गुडघे गेले होते आणि तिथला काळा चिखल गुडघ्यांना लावतात. कोक-जारच्या वळणावर रस्त्यावर आडवं कापड बांधलेलं दिसलं: ऐतिहासिक कोक-जार रेसकोर्स, सहस्रवर्ष महोत्सव.

आशिरकुलला चांगलं आठवत होतं, पाच वर्षांपूर्वी मैदानाच्या कमानीवर शंभर वर्षं लिहिलं होतं. मधल्या काळात जिल्ह्याचा कारभार पाहणारे दोन हाकीम बदलले होते. नव्या हाकिमाला मागच्यापेक्षा मोठा उत्सव लागतो, म्हणून मैदानाला नऊशे वर्षं चढवली होती.

तुर्सुनालीने गाडी वळवलीच. "व्याही, घोडामैदान आता खरोखरच जवळ आलं."

"अहो," बुरुलकान मागून हळूच म्हणाली, "पोटात दुखतंय म्हणा."

"दुखत नाहीये."

"मग माझं दुखतंय."

"चला की विहीणबाई," तुर्सुनाली म्हणाला, "तिथे डॉक्टर असतीलच. घोड्यांचे का होईनात."

कमानीपर्यंत पोचेतो आशिरकुलने मनातल्या मनात दोन नवस बोलून टाकले. एक तर संचालकाने आपल्याला ओळखावं, नाहीतर घोडा मेलेला असावा. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

पहिला नवस फळला. संचालक झारिलबेक कमानीखाली पाहुण्यांना मिठ्या मारत उभा होता. त्याने आशिरकुलकडे पाहिलं, क्षणभर डोळे बारीक केले आणि थोरल्या माणसाला म्हणतात तसं बाइके म्हणत दोन्ही हात पसरले. "पाण्याचे आशिरकुल बाइके! आवतण मिळालं म्हणायचं. मी तुमच्या कचेरीत पाठवलं होतं."

"मिळालं, मिळालं," कचेरीत तीन वर्षं पाऊल न टाकलेला आशिरकुल म्हणाला.

"आज तुमचा काश्का पळतोय बाइके. चला, मालकांची रांग तिकडे आहे."

तुमचा काश्का. तुर्सुनालीचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. आशिरकुलने छाती काढली, गुडघे विसरला आणि व्याह्याच्या खांद्यावर हात टाकून चालू लागला. त्या वीस-पंचवीस पावलांत तो जितका सुखी होता तितका लग्नातही नव्हता, असं बुरुलकान पुढे सांगायची.

बैठकीचे लाकडी बाक हाकिमाच्या बाजूने रंगवलेले होते आणि दुसऱ्या बाजूने नव्हते. मधोमध मोठ्या छत्रीखाली नवा हाकीम बसला होता. त्याच्या मागच्या रांगेवर पाटी होती: मालक. रांग भरलेलीच होती. आशिरकुल एका लठ्ठ गृहस्थाशेजारी टेकला. त्याचं नाव एसेनगुल, सीमेवरच्या जकातीतून निवृत्त झालेला. पलीकडे काल्यीपा एजे होत्या, सगळ्यांची थोरली ताई असल्यासारख्या पसरून बसलेल्या. एके काळी जिल्ह्यातली सगळी नाचगाणी त्यांच्या सहीने व्हायची.

"कुठल्या घोड्यासाठी आलात बाइके?" एसेनगुलने कुमिसाचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे करत विचारलं.

"तो काश्का. आपलाच आहे."

"आपला म्हणजे?"

"आपला म्हणजे माझा."

एसेनगुलने वाडगा परत घेतला. "माझा आहे तो. झगा पांघरून दिलाय मला. वीस ट्रक सोडले होते ह्यांच्या गवताचे, उगीच नाही."

"कुठला, कपाळावर पट्टा असलेला ना?" काल्यीपा एजे वाकल्या. "अरे लेकरांनो, तो माझा. माझ्या फोटोत मी बसलेय त्याच्यावर."

पलीकडचा बँकेतला माणूस खाकरला. त्याच्या पलीकडे एक दातांचा डॉक्टर होता, तोही खाकरला. अख्खी रांग खाकरली. मालकांची ती रांग एकाच घोड्याची होती.

बिचाऱ्या झारिलबेकला दोष देऊन उपयोग नाही. घोड्याची शर्यत असताना त्याच्या मालकाला आवतण न धाडणं, ह्याच्याइतका मोठा अपमान आमच्यात नाही. झारिलबेक रीतीला पक्का होता. त्याने सगळ्या मालकांना बोलावलं. इतकी माणसं एका घोड्यावर बसवून झाली आहेत, हे त्याच्याही लक्षात आलं असेल, पण रीतीपुढे हिशेबाला कोण विचारतो?

तुर्सुनालीची जीभ परत आली. "व्याही, एका घोड्याचे एवढे धनी. तुम्ही तर सगळे एकमेकांचे साडू लागता की."

आशिरकुलला वाटलं, बाक मोडावा आणि आपण खाली पडावं. इतक्या वर्षांची ती एकच गोष्ट, आणि तीसुद्धा दातांच्या डॉक्टरबरोबर वाटून खायची. बुरुलकानने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पिशवीतून तळलेल्या पिठाचे गोळे काढले आणि साडूंना वाटले.

भांडण मात्र झालं नाही. आमची माणसं असल्या वेळी भांडत नाहीत, वय विचारतात. रांगेतल्या पुरुषांनी आपापली जन्मसालं सांगितली, कुळं सांगितली, आणि सगळ्यात थोरला आशिरकुल निघाला. "मग मान तुमचाच बाइके," एसेनगुल म्हणाला. "घोडा तुमचा आधी, मग आमचा." काल्यीपा एजे वयाने दोन महिन्यांनी मोठ्या होत्या असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं, पण नक्की साल काही त्या सांगेनात.

तेवढ्यात घंटा वाजली.

शर्यत लांब पल्ल्याची होती, मैदानाचे फेरे मोजत बसावं अशी. पहिल्या फेऱ्याला काश्का मधोमध होता आणि रांग शांत होती. दुसऱ्या फेऱ्याला तो पुढे सरकला तसा एसेनगुल उठून उभा राहिला. तिसऱ्या फेऱ्याला काश्का सगळ्यांच्या पुढे गेला आणि मग मालकांना ऊत आला. बँकेतला माणूस बाकावर चढला. "माझ्या तालमीतला आहे," डॉक्टर ओरडला, "मीच सांगितलं होतं, ह्याला लांब पळवा." खालच्या रांगेतून दोघं वर आले आणि आपल्यालाही हा घोडा दिल्याचं सांगू लागले. एकाकडे तर फोटोही होता. पुढच्या रांगेतून झारिलबेक मागे वळून हसत होता. हाकिमाच्या खुर्चीमागे एका तबकात नवा झगा घडी करून ठेवलेला होता, आणि शर्यत संपल्यावर कोणता घोडा कुणाला मिळणार होता हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथे कुणीच नव्हतं.

आशिरकुलही उभा होता. साडू असोत की नसोत, घोडा पळत होता खरा. त्याच्या मानेचा घाम इथून चमकत होता. फोटोत घोड्याला घाम नव्हता.

मग वळणावर काश्काचं डोकं एकदम खाली गेलं आणि वर आलं. पुढचा डावा पाय तो लंगडत टाकायला लागला. एक घोडा त्याच्यापुढे गेला, मग दोन, मग बाकीचे सगळे गेले. त्यांनी उडवलेल्या धुळीतून तो एकटाच मागे राहिला.

बँकेतला माणूस बाकावरून उतरला. एसेनगुल बसला. रांग एकेक करून बसली, पाऊस लागलेल्या कोंबड्यांसारखी.

"माझा काळपट होता बहुतेक," डॉक्टर म्हणाला. "हा तो नव्हे."

"मला नुसता झगाच दिला होता," एसेनगुल म्हणाला. "घोडा आपला बोलण्यापुरता."

"मी तर घोड्यांना घाबरते," काल्यीपा एजे म्हणाल्या.

फोटोवाल्याने फोटो खिशात घातला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे नुसता पाय मुरगळला होता.

"घ्या व्याही," तुर्सुनाली म्हणाला. "आता झाला पुरता तुमचा. एकही वाटेकरी उरला नाही."

हे तो टोमणा म्हणूनच बोलला. पण आशिरकुलने ते सरळ ऐकलं. तिकडे समोरच्या कडेला तो घोडा एकेक पाय जुळवत येत होता, आणि त्याला आणायला कुणी निघालं नव्हतं. जुन्या माणसांच्या शर्यतीत असं कधी होत नसे. घोडा दमला की त्याची माणसं समोर जात, दोन्ही बाजूंनी कुळाच्या नावाची आरोळी देत आणि त्याला आपल्यातून घेऊन येत. हरलेल्या घोड्यालासुद्धा. ज्याला आणायला कुणी गेलं नाही त्या घोड्याला आमच्याकडे अनाथ म्हणतात. आता नियमांनी ते बंद केलंय. आशिरकुलने स्वतःच एकदा त्या नियमाच्या बाजूने भाषण केलं होतं.

त्याला लाज वाटली. पाच वर्षं आपण ह्याच्या नावाने मोठेपण खाल्लं आणि ह्याला एक साखरेचा खडा चारला नाही.

"अहो, गुडघे," बुरुलकान म्हणाली. पण तिने त्याची टोपी सरळ करून दिली.

कठड्याखालून वाकून तो मैदानात गेला. पळणं त्याला जमत नव्हतं, तरी तो पळाला, बदकासारखा डोलत, आणि आपल्या कुळाचं नाव घेऊन ओरडत राहिला. लोक हसले. काश्काने कान टवकारले. स्वार केव्हाच उतरून लगाम धरून चालत होता. आशिरकुल दुसऱ्या बाजूला गेला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. तिथे तो हात पहिल्यांदाच पडत होता.

कर्णा खरखरला. "काश्काचे मालक, मैदानाबाहेर व्हा. काश्काच्या मालकांनी ताबडतोब मैदानाबाहेर व्हावं."

मालकांच्या रांगेत कुणी हललं नाही. जणू कर्णा दुसऱ्याच कुठल्या मैदानाबद्दल बोलत होता.

घोडा शेवटच्या रेघेवरून गेला तेव्हा जिंकणाऱ्याच्या गळ्यात केव्हाच फुलं पडली होती. आशिरकुल आरोळी देतच होता, आवाज बसला होता तरी. झारिलबेक घामाघूम होऊन धावत आला.

"बाइके, काय हे? हाकिमांनी विचारलं, हा म्हातारा कोण."

"काय सांगितलंत?"

"पाण्याचे म्हटलं." त्याने घोड्याचा पाय चाचपला. नस टरारून सुजली होती. "संपलं. हा आता पळायचा नाही. आता हाकिमांना काय देऊ मी? ते दुसरं शिंगरू काढतो, त्याच्याही कपाळाला पट्टा आहे." मग त्याने स्वयंपाकाच्या तंबूंकडे वळून हाक दिली, "कढई अजून रिकामी आहे ना? थांबा जरा."

आशिरकुलला समजायला क्षण लागला. घोड्याचं मांस आम्ही खातो, त्यात काही वावगं नाही, आशिरकुलनेही जन्मभर खाल्लं होतं. लोकरी तंबूंच्या दाराशी मालकांची रांग आधीच जमली होती. कुणाच्या पानात कुठलं हाड यावं, ह्याचा आमच्यात मोठा कायदा आहे, आणि एसेनगुल व काल्यीपा एजे त्यावर बोलत होते. घोड्याची मालकी कुणाला नको होती. मालकाचा वाटा मात्र सगळ्यांना हवा होता.

"ह्याचं डोकं मानाने तुमच्यापुढे ठेवतो बाइके, तुम्ही थोरले," झारिलबेक हळूच म्हणाला. "आणि ते शिंगरू तुम्हालाही देऊन टाकतो. नवा झगा, नवा फोटो. कुणाला काही बोलायला जागा नको."

खरं सांगायचं तर आशिरकुलने विचार केला. नवा घोडा, तरणाबांड, आणखी दहा वर्षं सणावाराला पुरेल असा. तुर्सुनाली चार पावलांवर उभा राहून ऐकत होता. घोडा आशिरकुलच्या बाहीवरचा घाम चाटत होता.

"हाच नेतो मी," आशिरकुल म्हणाला.

"नेता म्हणजे?"

"घरी नेतो. माझा आहे ना? तुम्हीच दिलात."

झारिलबेकने लगाम पकडला. "दिला म्हणजे काय न्यायला दिला? बाइके, ह्या मैदानावर आजवर कुणी दिलेला घोडा नेलेला नाही. उद्या सगळेच आपापले घोडे न्यायला आले तर मी काय करू? मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"अजून नाही मारलंत. म्हणूनच नेतोय."

पाहुण्याला दिलेली वस्तू परत मागावी तर रीत मोडते, आणि पाहुण्याने खरंच उचलावी असं रीतीत कुठे सांगितलेलंच नव्हतं. हाकीम छत्रीखालून बघत होता. झारिलबेकने लगाम सोडला.

ते कमानीपर्यंत पोचले तोवर बातमी तंबूत गेली होती, आणि कढई हुकली तसे मालक परत मालक झाले. एसेनगुल तोंड पुसत आला. "आपल्या काश्काला जपा हं बाइके. मी येईन शरदात बघायला." डॉक्टरने काश्काचे दात पाहून दिले. काल्यीपा एजेंनी घोड्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. त्यांची भीती एवढ्यात गेली होती.

तुर्सुनालीने घोड्याभोवती एक फेरी मारली, गिऱ्हाईक मारतं तशी. "पोट खपाटीला, पाय सुजलेला, वय होत आलेलं. ह्याच्यासाठी दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत?"

"ह्याच्यासाठी नाही. फोटोतल्यासाठी."

"आणि तुमचे गुडघे? चिखल?"

"आधी ह्याचा पाय. सावकाश चालू, होईल."

"वेडा झालाय," तुर्सुनाली बुरुलकानला म्हणाला.

"नवीन नाही," ती म्हणाली आणि तिने गाडीतली आपली उबदार शाल घोड्याच्या पाठीवर टाकली.

मग ते निघाले. पुढे आशिरकुल आणि घोडा, दोघंही लंगडत, आणि मागे गिरणीवाल्याची गाडी गोगलगाईच्या चालीने. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवून शिव्या देत जात, आणि तुर्सुनाली खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना दुप्पट शिव्या देई. आशिरकुलच्या पायांतून कळा निघत होत्या. तरी तो खुशीत होता, लपवायची गरज नसलेली खुशी.

खिंडीच्या चढाला घोडा थांबला. आशिरकुलने लगाम ओढला नाही, तोही थांबला, कारण त्याच्यानेही पुढे जाववेना. त्याने आरोळी द्यायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

मागे गाडीचं दार वाजलं. गाडी बुरुलकानच्या हवाली करून तुर्सुनाली उतरला. रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना हे त्याने पाहून घेतलं, मग येऊन घोड्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि छाती भरून ओरडला. आरोळी त्याच्या कुळाची नव्हती, आशिरकुलच्या कुळाची होती. घोड्याची माणसं देतात ती.

काश्का चालायला लागला. दोन्हीकडून दोघं व्याही चालू लागले.

"व्याही," काही पावलांवर तुर्सुनाली म्हणाला, "घरी गेल्यावर तो फोटो तेवढा उतरवा. ह्याने पाहिला तर ह्याला वाईट वाटेल."